गोकुळाचा डावा हात

गोकुळाची गोष्ट सांगायची तर तिच्या डाव्या हातापासून सुरुवात करावी लागते. उजव्या हाताबद्दल कधी कोणाची तक्रार नव्हती. त्या हातानं ती मासे निवडायची, तराजू धरायची, आणि पोंभुर्ण्याच्या बाजारात एखाद्या गिऱ्हाइकानं जास्तच घासाघीस केली तर तोच हात कमरेवर ठेवून अशी बघायची, की गिऱ्हाईक मुकाट्यानं पिशवी पुढे करायचं. डावा हात मात्र त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर मनगटापासून कोपरापर्यंत निळाजांभळा झाला होता, आणि तो पदराखाली झाकून ती बाजारात बसत होती.

शेजारी भाजी घेऊन बसणाऱ्या बाईच्या नजरेतून ते सुटलं नाही. तिनं हळूच विचारलं, "सोमाजीनं मारलं का वो?"

गोकुळा हसली. "त्यानं मारलं असतं तं त्याचा हात निळा दिसला असता. दोरी लागली मले. तीरकमठ्याची."

चाळिशीला टेकलेली, मासे विकणारी बाई तीरकमठा घेऊन काय करत होती, हे कळायला थोडं मागं जावं लागेल.

उमरबोडी गाव लहान आणि त्याचा तलाव मोठा. गावात धानाची शेती आहे, मजुरीही मिळते, पण मासेमारी करणाऱ्या ढिवरांची घरं जगतात ती तलावावर. त्यांच्या मच्छीमार संस्थेनं पावसाळ्यात मत्स्यबीज सोडायचं, मासे वाढू द्यायचे, आणि दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरली की तलाव उघडायचा, ही जुनी रीत. तलाव उघडला की वाटे दोन प्रकारचे पडतात. जाळं फेकणाऱ्याला जाळ्याचा वाटा. ज्या घरात जाळं फेकणारा कोणी नाही, त्यानं पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बसायचं, जाळ्यातले मासे सोडवायचे, टोपल्या उचलायच्या आणि काठाचा वाटा घ्यायचा. काठाच्या वाट्यानं कोणी उपाशी मरत नाही, गाव तेवढं माणुसकीचं आहे. पण त्या रांगेत म्हातारे बसतात, आजारी बसतात, आणि ज्यांच्या मागंपुढं कोणी उरलं नाही ते बसतात. तिथं बसलेल्या माणसाला कोणी वावगं बोलत नाही, आणि तेच जास्त लागतं.

गोकुळाचा नवरा सोमाजी हा गावातला नावाजलेला जाळेवाला. त्यानं फेकलेलं जाळं पाण्यावर परातीसारखं गोल पडायचं. पण दोन वर्षांपूर्वी मोटारसायकल घसरून तो उजव्या खांद्यावर पडला. गडचिरोलीला हाड जुळवून आणलं, हात खाली-मागं सगळीकडे फिरू लागला, फक्त कानाच्या वर जाईना. आणि जाळं तर कानाच्या वरूनच फेकावं लागतं. घर काठाच्या रांगेत आलं. सोमाजी त्या रांगेत एकदा बसला आणि पुन्हा म्हणून गेला नाही. वाटा आणायला गोकुळाच जाऊ लागली.

आता यातली गंमत अशी, की जाळं फेकायला गोकुळालाही येत होतं. तिचं माहेर वैनगंगेच्या काठचं. बापाला मुलगा नव्हता, तेव्हा डोंग्यात उभं राहून जाळं फेकायला तोच तिला शिकवून गेला. लग्न झालं आणि जाळं हातातून सुटून टोपली डोक्यावर आली, एवढंच. ती एक दिवस सरळ संस्थेचे अध्यक्ष गुणवंतराव यांच्या दारात जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "गुणवंतभाऊ, या साली आमच्या घरचं जाळं मी फेकीन."

गुणवंतराव पान लावत होते. माणूस वाईट नव्हता. जे आजवर झालं नाही ते होऊ द्यायची सवय तेवढी त्यांना नव्हती. ते म्हणाले, "बाईनं तलावात जाळं फेकलं असं कधी झालं नाई."

"होऊ नाई असं कुठी लिहलं आहे?"

"लिहलं नाई, म्हून तं बदलता येत नाई," गुणवंतराव म्हणाले. बसलेली चार माणसं हसली, तशी त्यांना आणखी रंग चढला. "बरं, असं कर. मंडईच्या दिवशी कोहळा फोड, मंग बोलू."

माणसं पुन्हा हसली. गोकुळा हसली नाही. ती घरी येताना तेच वाक्य मनात घोळवत आली, कारण गुणवंतराव थट्टेत बोलून गेले असले तरी चार माणसांसमोर बोलले होते.

हा कोहळा काय, ते सांगतो. मंडईच्या दिवशी तलावाच्या पाळीवर एका उंच बांबूला पांढरा कोहळा टांगतात. कोहळा येतो पलीकडच्या गोंडांच्या टोल्यावरून, म्हणजे वस्तीवरून, आणि तीरकमठाही तिथलाच. ढिवरांनी दोन-दोन बाण मारायचे. ज्याचा बाण कोहळ्यात शिरेल त्याचं तलावात पहिलं जाळं, आणि पहिल्या जाळ्यातली टोपलीभर मासळी टोल्याला. ज्याचं पहिलं जाळं, त्याला त्या साली काठाच्या रांगेत बसवता येत नाही, हा नियम. कोणाचाच बाण लागला नाही तर पहिलं जाळं अध्यक्षांचं. आता ढिवराचा हात जाळ्याचा; तो तीरकमठ्यावर वर्षातून एकदा पडणार. त्यामुळे गेली कित्येक वर्षं पहिलं जाळं गुणवंतरावांचंच होतं.

बाण लागत नसे, पण दोरी मात्र सगळ्यांना लागायची. बाण सुटला की दोरी सप्पकन डाव्या हाताच्या आतल्या अंगावर बसायची आणि मंडई झाल्यावर आठवडाभर गावातले सगळे पुरुष हळद-तेल चोळत फिरायचे. याची कोणाला लाज नव्हती. उलट हात सुजला म्हणजे दोरी जोरात ओढली, बाण मर्दासारखा मारला, अशीच समजूत. ज्याचा हात सुजला नाही त्याच्याकडे लोक संशयानं बघायचे. त्या वळाला नावच पडलं होतं, मंडईचा शिक्का.

सोमाजीनं बायकोचा बेत ऐकला. मग उठला, कोयता घेऊन बांबूच्या बेटात गेला आणि अवघडल्या खांद्यानं का होईना, तीरकमठा करून घेऊन आला. दोरी म्हणून त्यानं जाळ्याची नायलॉनची दोरी लावली. घरात तीच होती, पाण्यात कुजत नाही, ओढून तुटत नाही. यापेक्षा चांगली दोरी जगात असेल असं कुठल्या ढिवराला वाटेल?

परसातल्या धानाच्या तणशीच्या ढिगावर एक फुटकं मडकं ठेवून गोकुळानं पहिला बाण सोडला. बाण कुठं गेला ते तिला कळलंच नाही. डाव्या हातावर कोणी तापलेली सळई ठेवावी तसं झालं आणि ती खाली बसली.

"लागली?" सोमाजी आनंदानं म्हणाला. "मंग बरोबर आहे. जोर आहे तुह्या हातात."

त्या जोराच्या कौतुकात आठवडा गेला आणि हात निळा झाला. बरं, हातात हिरव्या बांगड्या भरलेल्या. दोरी त्यांच्यावर आपटली तर काच फुटेल, म्हणून गोकुळा त्या वर सरकवून कोपराखाली घट्ट बसवायची आणि त्यावर जुन्या साडीची पट्टी गुंडाळायची. पट्टीनं मार थोडा कमी झाला, पण बांगड्या आणि पट्टी मिळून हातावर चांगला गठ्ठा तयार झाला होता आणि दोरी आता न चुकता त्या गठ्ठ्यावर अडखळायची. बाण डावीकडे, शेजाऱ्याच्या शेणखतात.

यापेक्षा वाईट एक गोष्ट झाली, आणि ती फक्त गोकुळालाच कळत होती. दोरी सोडायच्या आधीच तिचे डोळे मिटायला लागले. ती मनाला बजावायची, या वेळी नाही मिटणार. पण हात आखडायचा, खांदा वर चढायचा, डोळे मिटायचे आणि मग बाण सुटायचा. तलावात मरळीचा दात लागला तरी न हलणारी बाई एका दोरीला भ्यायला लागली होती. याचं तिला रडू यायचं, पण रडायचं कोणापुढं? सोमाजी रोज पाळीवर जाऊन कोहळा टांगायच्या जागेकडे बघून येत होता.

शेवटी तिनं पदरात सुकी मासळी बांधली आणि टोल्यावर पोचूच्या घरी गेली. मंडईचा तीरकमठा पोचूच्या घरचा. म्हातारा सत्तरीच्या पुढचा, अंगानं वाळलेला, आणि थट्टा केल्याशिवाय पाणीही पिणार नाही असा. त्याची बायको बुधरी अंगणात सुपात धान पाखडत होती.

पोचूनं मासळी आधी हुंगली, मग बायकोकडे दिली, मग गोकुळाचा तीरकमठा हातात घेतला. नायलॉनची दोरी बोटानं दोनदा ओढून बघितली आणि म्हणाला, "कमठा गोंडाचा, दोरी ढिवराची. मंग हात कोनाचा राहीन?"

"मजबूत आहे ना, भाऊ."

"मजबूत आहे, पन रबरावानी ताणते. सकाळी घट्ट, दुपारी ढिली. ढिली झाली का कमठ्याच्या जवळ येते, आन जवळ आली का हाताले भेटते." त्यानं आपला तीरकमठा आढ्यावरून काढला. त्याला बांबूच्याच सालीची दोरी होती. म्हाताऱ्यानं मूठ करून कमठ्याच्या पोटाला लावली आणि अंगठा उभा केला. अंगठ्याचं टोक दोरीला टेकलं. "एवढी जागा पायजे. मूठ आन उभा अंगठा. याच्याहून कमी झाली का दोरी मारते."

ते झालं. गोकुळानं पोचूच्या तीरकमठ्यावर बाण लावला, ओढला, सोडला. सप्पकन आवाज झाला. मार कमी होता, पण होता.

पोचूनं तीरकमठा घेतला आणि बसल्याजागी समोरच्या सागाच्या बुंध्यात बाण मारला. त्याच्या वाळलेल्या हातावर एक वळ नाही, जुना डागही नाही.

"तुमाले काऊन नाई लागत?" गोकुळानं विचारलं.

पोचूनं आपल्या हाताकडे असं बघितलं, जणू तो आजच भेटला. "नाई लागत. आता नाई लागत त्याले मी काय करू?"

हे उत्तर घेऊन घरी जायची गोकुळाची तयारी नव्हती. ती पुन्हा पुन्हा त्याला बाण मारायला लावी आणि त्याच्याकडे बघत राही. म्हातारा वैतागला. तेव्हा सूप बाजूला ठेवून बुधरी उठली. तिला गोकुळासारखं तीरकमठ्याचं वेड नव्हतं, पण आयुष्यभर नवऱ्याला बघत आलेली बाई ती. तिनं गोकुळाच्या कोपराच्या खळगीला बोट लावलं. "तुही खळगी आभाळाले पाहून राह्यली. याची पाह्य, दोरीकडे पाहते."

गोकुळानं बघितलं. खरंच की. ती हात पुढं करून ताठ धरायची तेव्हा कोपराचं टोक जमिनीकडे असायचं आणि हाताचं मांस आतल्या बाजूला, दोरीच्या वाटेत यायचं. तिचा कोपर तर जरा उलट्या अंगानंही वाकायचा, पुष्कळ बायकांचा वाकतो तसा. पोचूचं कोपराचं टोक बाहेर होतं आणि दोरीला जायला मोकळी वाट होती.

बुधरीनं तिला अंगणातल्या मोहाच्या झाडाजवळ नेलं. "हात लाव. खांद्याएवढ्या उंचीवर. आता पंजा हलवू नोको. नुसता कोपर फिरव."

पंजा झाडाला टेकवून नुसता कोपर फिरवायचा, हे ऐकायला सोपं आहे. करून बघा. गोकुळाचा पंजा निघून यायचा, नाहीतर खांदा वर चढायचा. बऱ्याच वेळानं एकदाचा कोपर फिरला, खळगी आभाळ सोडून आडवी बघू लागली, आणि तिला आपल्याच हाताची नवी ओळख झाल्यासारखं वाटलं.

पण तीरकमठा हाती घेतला की सगळं मुसळ केरात. कोपर पुन्हा खाली. तेव्हा पोचूला आपल्या कामाचं काहीतरी दिसलं. त्यानं गोकुळाची मूठ बघितली. तिनं तीरकमठा पाचही बोटांनी असा आवळला होता, की बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"हे काय धरलं तू? जाळ्याची दोरी?"

गोकुळाला हसू आलं, कारण तसंच होतं ते. ढिवराच्या पोराला पहिली शिकवण हीच, की जाळं फेक, पण मनगटाची दोरी सोडू नको. दोरी सुटली तर जाळंही गेलं आणि मासेही गेले. गावातला प्रत्येक पुरुष मंडईला तीरकमठा असाच आवळत होता, आणि मूठ आवळली की मनगट आत वळतं, मनगट वळलं की कोपर खाली येतो.

"जाळं पाण्यात जाते म्हून तू धरून ठेवते," पोचू म्हणाला. "कमठा कुठी जाते? त्याले धरू नोको. झाडाले हात टेकवला तसा टेकव."

त्या दिवसापासून गोकुळा बाजार आटोपून टोल्यावर जाऊ लागली. आधी मोहाला पंजा लावायचा, कोपर फिरवायचा, मग तोच हात तसाच तीरकमठ्याला लावायचा. बोटं सैल. हळूहळू सागाच्या बुंध्यात बाण रुतायला लागले आणि हातावरची निळाई पिवळी पडू लागली. डोळे मात्र पूर्ण उघडे राहत नव्हते. कारण गठ्ठा अजून होताच. कोपर कितीही फिरवला तरी बांगड्यांवरची पट्टी मधूनच दोरीला लागायची, काचेचा बारीक आवाज व्हायचा आणि गोकुळा आधी बांगड्या चाचपायची.

"काढ ना त्या," बुधरी म्हणाली.

"नाई काढता येत, बाई."

आणि का काढता येत नव्हत्या, तर घरी सासू होती. सोमाजी लहान असतानाच रुखमाबाईचा नवरा गेला. तेव्हापासून तिच्या मनगटात काच नव्हती. ती सुनेला कशात अडवत नव्हती. तीरकमठ्यालाही तिनं नाक मुरडलं नाही. फक्त पहिल्या दिवशी सून परसात उभी राहिली तेव्हा तिच्याजवळ येऊन म्हणाली होती, "काय करायचं ते कर, पोरी. पन माहा पोरगा जिता आहे तोवर तुहा हात मले मोकळा नाई दिसला पायजे." एवढं बोलून ती आत गेली होती. गोकुळानं तो शब्द पाळायचा ठरवला. खरं तर तिलाही मनातून भीती वाटत होतीच. सोमाजी मोटारसायकलवरून पडला त्या दिवशीही तिची एक बांगडी पिचली होती.

मंडईचा दिवस उजाडला. पाळीखाली दुकानं लागली, जिलेबीच्या कढया चढल्या, रात्रीच्या नाटकाचा मंडप उभा राहिला. दुपारी लोक पाळीवर जमले. बांबूला कोहळा टांगलेला, मागं तणशीचा ढीग. पोचू उंच दगडावर तीरकमठा घेऊन बसला होता आणि येईल त्याच्या हातात देत होता. पुरुष एकेक करून आले. मूठ आवळली, दोरी ओढली, सप्पकन आवाज झाला, बाण तणशीत नाहीतर तलावात. सोमाजीच्या चुलतभावाचा मुलगा अंकुश, गावातला तरणाबांड जाळेवाला, त्याच्या हातावर तर रक्त आलं आणि त्याला टाळ्या पडल्या. गुणवंतरावांनीही आपले दोन बाण घालवले, हात झटकला आणि हसत हसत खुर्चीवर जाऊन बसले.

मग गोकुळा पुढं आली. कुजबुज झाली. गुणवंतरावांना आपलं बोलणं आठवलं असावं, कारण त्यांनी तिला अडवलं नाही.

इतक्या डोळ्यांसमोर उभं राहिल्यावर गोकुळाचं सगळं शिकलेलं हरवलं. तीरकमठा हातात आला आणि तिची मूठ आपोआप आवळली गेली. कोपर खाली गेला. तिनं दोरी ओढली, डोळे मिटले आणि सोडली. दोरी सगळ्या जोरानं त्या गठ्ठ्यावर बसली. काच फुटल्याचा आवाज झाला आणि पट्टीतून दोन हिरवे तुकडे खाली पडले.

नवरा समोर उभा असताना, मंडईच्या दिवशी, चारचौघांत बांगडी फुटली. एका म्हातारीनं तोंडाला पदर लावला. लोकांनी सोमाजीकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली. गोकुळानं तीरकमठा खाली घेतला. तिला वाटलं, तीरकमठा पोचूच्या हातात द्यावा आणि घरी जावं. काठाचा वाटा काही वाईट नाही. माणूस जगला म्हणजे झालं.

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून रुखमाबाई निघाली. शुभकार्याच्या जागी ती नेहमी मागंच उभी राहायची, आज सरळ मध्ये आली. तिनं सुनेच्या हातावरची पट्टी सोडली. काचेनं थोडं खरचटलं होतं, ते पदरानं पुसलं. मग उरलेल्या बांगड्या एकेक करून खाली सरकवल्या, पंजा दाबून काढल्या आणि उजव्या हातात चढवू लागली.

"माय," गोकुळा म्हणाली, "तुमीच म्हटलं होतं ना."

"म्हटलं होतं. चुकलं माहं." रुखमाबाईचे हात थांबले नाहीत. "मी तं एकबी बांगडी पिचू देली नव्हती. बांगडीनं मानूस रायत असता, तं तुहा सासरा आज इथी जिलेबी खात बसला असता." शेवटची बांगडी चढवून तिनं सुनेचा मोकळा डावा हात दोन्ही हातांत धरला. तो हात आपल्या हातासारखाच दिसतो हे तिला दिसलं असणार, पण तिनं तो सोडला नाही. "सोमाजी तो उभा आहे तिकडं. काई होत नाई त्याले. तू मार."

गोकुळाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिनं खांद्याला पुसलं. पोचूनं दुसरा बाण पुढं केला आणि हळूच म्हणाला, "झाड कुठी आहे?"

गोकुळानं हात पुढं केला. मोहाच्या झाडाला लावावा तसा पंजा तीरकमठ्याला टेकवला. बोटं सैल सोडली. पंजा न हलवता कोपर फिरवला. खळगी आभाळावरून उतरली आणि दोरीकडे बघू लागली. हातावर आता काहीच नव्हतं, ना काच ना पट्टी, आणि दोरीला जायला वाट मोकळी होती. तिनं ओढलं. डोळे उघडे होते. दोरी सुटली तेव्हा सप्पकन आवाज आलाच नाही. नुसता एक बारीक झंकार आला, आणि गोकुळाला आधी वाटलं की बाण सुटलाच नाही. मग लोक ओरडले. कोहळा बांबूवर गरगर फिरत होता आणि त्याच्या पोटात बाण होता.

गुणवंतराव खुर्चीतून उठले. शब्दाला ते पक्के होते, फक्त त्यातूनही जुनी वाट काढायची त्यांना खोड. ते म्हणाले, "मान सोमाजीच्या घराले. रीत ते रीत. अंकुश, तू फेक जाळं, तुह्या काकाच्या नावानं."

अंकुशनं काकूकडे बघितलं आणि आपला डावा हात वर केला. तो भाकरीसारखा टम्म फुगला होता. "माह्या हाताले मंडईचा शिक्का लागला, गुणवंतभाऊ. मले तं आज पानी प्याले गिलास उचलत नाई."

लोक हसले. गुणवंतरावांनी इकडे तिकडे बघितलं, तर पाळीवरच्या प्रत्येक जाळेवाल्याचा हात तसाच होता. त्यांचा स्वतःचाही. हसण्याचा भर ओसरायच्या आत बाण लागताच घराकडे धावलेला सोमाजी परत येताना दिसला. त्याच्या डाव्या खांद्यावर त्याचं दोन वर्षं खुंटीला टांगलेलं जाळं होतं. तो बायकोजवळ आला, जाळ्याची दोरी तिच्या मनगटात अडकवली, घड्या तिच्या हातावर नीट बसवून दिल्या आणि म्हणाला, "ही दोरी मात्र सोडू नोको."

गोकुळा साडी खोचून कमरेएवढ्या पाण्यात उतरली. उजव्या हातातल्या दुप्पट बांगड्या खळखळ वाजत होत्या. तिनं एकदा अंग मागं नेलं आणि जाळं सोडलं. ते सोमाजीच्या जाळ्याइतकं गोल पडलं नाही, हे खरं आहे, एका अंगाला जरा चेपलेलंच होतं. पण पडलं, बुडालं, आणि ओढताना जड लागलं. पहिली टोपली टोल्यावर गेली. पोचूनं त्यातली मरळ आपल्यासाठी आधीच बाजूला काढली, असं बुधरी सांगते.

त्या संध्याकाळी गुणवंतराव टोल्याच्या रस्त्यानं फिरायला गेले होते. वाटेतल्या एका मोहाच्या झाडाला पंजा लावून कोपर फिरवताना त्यांना दोघा-तिघांनी बघितलं, पण अध्यक्षांच्या सुजल्या हातावरचा काहीतरी उपाय असेल असं समजून कोणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळीवर वाटे पडत होते. एका बाजूला जाळेवाले, दुसऱ्या बाजूला काठावरचे. गोकुळा टोपली घेऊन आली आणि दोन वर्षांच्या सवयीनं काठाच्या रांगेत जाऊन बसली. शेजारच्या म्हातारीनं सरकून तिला जागाही दिली.

गुणवंतराव मासळीचे ढीग लावत होते. मान वर न करता ते म्हणाले, "गोकुळाबाई, तिकडं काऊन बसल्या? तुमचं जाळं आहे. इकडं या."

गोकुळा क्षणभर बसूनच राहिली. मग तिनं टोपली उचलली आणि रांग बदलली.